उदारामची चिलीम, माझी बिडी

२६ ऑक्टोबर २००६

आजही बिड्यांचा कट्टा गेला! दिवसभर कारखान्यात बिड्या तपासायच्या, सैल-वाकड्या छाट म्हणून बाजूला काढायच्या, मालक नेऊ देतो म्हणून त्यातला एक कट्टा घरी आणायचा — आणि हा उदाराम दारात हजर. मोजून पाच बिड्या माझ्यापुढं टाकतो, बाकीच्या स्वतःच्या खिशात. वीस वर्षं हेच. वर उपदेश मलाच — "हिरालाल, बिडी सोड गा. छाती जाळून राहिली तुही. गांजा कसा, झाडाचा पाला! त्यानं काही नाई होत."

"अन् चिलमीत माह्या बिड्या चुरतेस ते?"

"ते का बिडी हाय? पान नाई, धागा नाई!"

आमच्या आमगावात घरोघरी बिड्या वळतात. पान-धाग्याशिवाय बिडी असते हे इथं कोणाला पटेल? मलाही पटलं नाही. हसलो.

५ नोव्हेंबर

आज गावची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा. दंडारीच्या खेळात उदाराम गायला उभा राहिला आणि पहिल्याच ओळीत खोकला. बसला तो उठलाच नाही. दुसऱ्यानं गाणं पुरं केलं.

याच मंडईत आम्ही पंचविशीत होतो तेव्हा याचा आवाज धानाच्या बांध्यांपलीकडं ऐकू जायचा. बाया हातातलं काम टाकून यायच्या. काय दिवस होते!

१९ नोव्हेंबर

उदारामची बायको, रुख्मावहिनी म्हणाली, "चार पावलं चालले का बसतेत, भाऊजी."

१४ डिसेंबर

त्याला ओढतच गोंदियाला नेलं. डॉक्टरनं छातीचा फोटो काढला, यंत्रात फुंकर मारायला लावली. फुप्फुसं निकामी होत चाललीत म्हणे. उदारामनं तिथंही 'पान नाई, धागा नाई' सुरू केलं! डॉक्टर हसला नाही. "दादा, धुआँ धुआँ होता है." गांजा जळला तरी धूर तसाच विषारी. त्यात चिलमीचा दम खोल घ्यायचा, छातीत कोंडून धरायचा. तंबाखू किती मारतो ते पक्कं माहीत आहे, गांजाचा अभ्यास कमी झालाय — "पता नहीं, इसका मतलब नुकसान नहीं, ऐसा थोड़ी है." आणि चिलमीत बिडी चुरली म्हणजे दोन्ही एकदमच.

मग माझ्या छातीला नळी लावली. कितनी पीते हो? म्हटलं, पाच, बाकीच्या हा लुटतो. "तभी बचे हो. पाँच भी बंद करो."

उदाराम खिडकीबाहेर बघत गालात हसत होता. चोर लेकाचा!

१५ डिसेंबर

कामावर गेलो नाही. दरेकशाच्या जंगलात तेंदूपत्ता तोडायला जायचो ते आठवत बसलो. चौदा-पंधरा वर्षांचे असू. पहिली बिडी मीच वळली, मीच त्याच्या तोंडात दिली. खोकून खोकून लाल झाला होता, मी पोट धरून हसलो होतो.

आणि नंतरही मीच देत राहिलो. चिलमीत गेली ती प्रत्येक बिडी माझ्या घरातून गेली. त्याला मी मारलं. दुसरं काही म्हणता येत नाही.

१६ डिसेंबर

कट्टा आणला नाही. उदारामनं हात पुढं केला.

"नाही आणला."

"एकही नाई? मंग तू काय फुकशीन?"

"मीही सोडली."

इतका हसला, इतका हसला की खोकला लागला. वहिनीनं पाणी दिलं. जाताना म्हणाला, "जमलं बाप्पा!" काय जमलं, ते विचारायचं राहिलं.

२ मार्च २००७

आज कुणाला न सांगता तो स्वतःच चिलीम नदीत टाकून आला. परत यायला दोन तास लागले.

११ मार्च

उदाराम गेला.

२५ मार्च

वहिनीनं बोलावून घेतलं. कोठ्यातून तेलाचे चार पिपे काढले. झाकण उघडलं — काठोकाठ बिड्या. तळच्या बुरशी लागून काळ्या पडलेल्या.

"ह्या तुमच्या, भाऊजी. चिलमीले दोनच लागत. बाकीच्या यात टाकत. म्हणत, हिरालालजवळ ठेवल्या तं सगळ्या फुकते, लवकर मरते."

एकेक हातात घेऊन पाहिली. सगळ्यांना पान आहे, धागा आहे.

वीस वर्षं चोर म्हणालो मी त्याला.