सहा मिनिटं फोटोपाशी

सोमवार, १९ नोव्हेंबर २०१८

पान उडी मारतं! बटण दाबलं की बेडकासारखं वरून थेट तळाला. मधलं काहीच दिसत नाही. धनेशभाई म्हणाले, "कविताबेन, उडी नको. एकदम माखण जेवुं जोईए." त्यांना लोणी म्हणायला काय जातं! डहाणूत वेबसाइटचं दुकान टाकून बसलेत, पण कोड मी लिहिते. तोही इंटरनेटवर बघून बघून, अर्धा समजून.

साइट झाई गावच्या चिमणशेठच्या चिकूवाडीची. पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्यात. फेब्रुवारीत इकडे गर्दी होते, त्याआधी सगळं तयार हवं. त्याच वाडीत आय बावीस वर्षं चिकू काढायला जाते. हे मी धनेशभाईंना सांगितलेलं नाही.

शेठने पेनड्राइव्ह भरून फोटो दिलेत. एकशे चाळीस. त्यात एकशे बारावा — विनोद!

मंगळवार, २०

काल पुढे लिहवेना.

शिडीवर उभा आहे. खांद्यावर जाळी लावलेला बांबू. बाकीच्या चार गड्यांनी उन्हाने डोळे बारीक केलेत, हा एकटा दात काढून हसतोय. माझा धाकटा भाऊ. घर सोडण्याआधी थोडे दिवस वाडीत कामाला जायचा, तेव्हाचा. घरात त्याचा फोटोच नाही. होते ते जुन्या फोनमध्ये, आणि तो फोन हंड्यात पडला. शाळेच्या ओळखपत्रावर एक आहे, पण अर्ध्या तोंडावर शिक्का.

मागच्या वर्षी होळी झाल्यावर मी त्याला बोलले होते. "दोन बायका कमावतात आणि तू खाटेवर पडून फोन कुरवाळतोस. लाज कशी वाटत नाही?" त्याने ताट सारलं. सकाळी उठून गेला. गुजरातेत काम मिळालं म्हणाला. दिवाळीपर्यंत आयला फोन करायचा, माझ्याशी एकदाही बोलला नाही. मग नंबर बंद. तेरा महिने झाले. आय मला काही म्हणत नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

फोटो पानाच्या अगदी तळाशी टाकला. 'वाडीतली माणसं'. शेठ म्हणाले, "गड्यांचा फोटो कशाला?" मी म्हटलं, शहरातल्यांना आवडतं. ठोकून दिलं झालं!

रविवार, २५ नोव्हेंबर

घरी जाऊन आले. झाई अगदी सीमेवर. तिथे उतरलं की पलीकडचा टॉवर लागतो आणि माझ्या फोनला वाटतं मी परमुलखात आले — 'गुजरातमध्ये आपले स्वागत आहे'. अंगणात महाराष्ट्र, चुलीपाशी गुजरात! पूर्वी त्यापायी बॅलन्स जायचा, आता नुसतं स्वागत होतं.

आयला साइट दाखवली. तिचा अंगठा चिकूच्या चिकाने भेगाळलेला, काचेवर चालेना. म्हणून खालचं बटण दाबायला सांगितलं. पानाने उडी मारली आणि विनोद समोर! आयने फोन टाकलाच.

"आता तं खोल्या दिसत होत्या. हा कठनं आला?"

मग उचलून बघितला. खूप वेळ. बाहेर गेली, आणि झाडलेलं अंगण पुन्हा झाडायला लागली. राग आला असेल. परत दाखवायची माझी हिंमत झाली नाही. शेजारच्या शुक्रीमावशीची रुचिका तेवढ्यात आली होती, तिने साइटचा पत्ता टिपून घेतला. नवा फोन आलाय बाईसाहेबांना!

मंगळवार, २७

उडी गेली! पान आता सरकतं. झाडं, खोल्या, जेवण, दर, सगळं ओळीने डोळ्यांपुढून जातं आणि मग तळ. धनेशभाईंना वाटतं त्यांच्यासाठी केलं. मी आयसाठी केलं. माणूस अचानक पुढ्यात येऊ नये. कुठून आला ते दिसावं.

शनिवार, १ डिसेंबर

हादरा. खिडकीची काच खडखडली. अख्खी आळी रस्त्यावर. मी पण पळाले — सेव्ह न करता! दोन तासांचं काम गेलं. भूकंपापेक्षा त्याचाच धसका बसला. तुळशीमावशी, जिच्याकडे मी राहते, ती म्हणाली, "जीव वाचला हे नाय बघत, कंप्युटर बघते!"

गुरुवार, ६ डिसेंबर

नवीन खूळ. प्रत्येक भाग पडद्यावर आला की हळूच उजळायला हवा. तो पडद्यावर आलाय हे पानाला कळायचं कसं? मी दर बोटभर सरकण्याला विचारत होते — आला का, आला का? एसटीत पोरं 'गाव आलं का' विचारून जीव खातात तसं. फोन तव्यासारखा तापला. आता कोडमध्ये एक पहारेकरी बसवलाय. भाग चौकटीत शिरला की तोच सांगतो — आला. गेला की सांगतो — गेला. मधे गप्प. असा शहाणा माणूस आमच्या दुकानात एकही नाही.

शुक्रवार, ७

चिमणशेठचा फोन. "कविता, माझी वाडी कोणी खाल्ली?" त्यांच्या जुन्या फोनवर पान कोरं! त्या ब्राउझरला पहारेकरी माहीतच नाही, मग कोण कोणाला उजळणार? सगळं अंधारात. माझीच चूक. आधी सगळं दिसू द्यावं, मग नखरे करावेत. दुपारपर्यंत दुरुस्त केलं, जेवण राहिलं.

बुधवार, १२ डिसेंबर

धनेशभाईंना कळायला हवं की लोक खालपर्यंत जातात का. म्हणून पहारेकऱ्याच्या हाती वही दिली. कोणता भाग, किती सेकंद, कोणत्या गावच्या नेटवरून. माणसाचं नाव कळत नाही, फोन तोच की दुसरा एवढं कळतं.

लोक दर बघतात आणि पळतात. चव्वेचाळीस जणांतले तळाला पोचले तीन.

शनिवार, १५

एक जण तळाला सहा मिनिटं थांबला.

मंगळवार, १८

तोच फोन. काल पण, आज पण. संध्याकाळी साडेसात-पावणेआठ. वरचं काहीच बघत नाही. बटण दाबतो, तळाला येतो, थांबतो. पाच मिनिटं, आठ मिनिटं. गाव — वापी, गुजरात.

ताटात मासळी तशीच राहिली. मावशी म्हणाली, मासळी खारट झाली का?

बुधवार, १९

तोच आहे. दुसरं कोण असणार? गड्यांच्या फोटोकडे आठ मिनिटं कोण बघतं? भूकंपाच्या बातम्या आता तिकडेही पोचल्या असतील. गावाचं नाव शोधलं असेल, वाडी सापडली असेल. स्वतःला बघत बसला असेल का गाढव? की मागचा वाडीचा रस्ता बघतो?

नेटवरून गाव कधी कधी चुकीचं निघतं, असं कुठेतरी वाचलं होतं. वाचलं आणि पान बंद केलं.

शुक्रवार, २८ डिसेंबर

रोज! उठल्या उठल्या आधी वही उघडते. आयला सांगू? नको. खरं निघालं नाही तर ती दुसऱ्यांदा मरेल. संध्याकाळी तिला फोन लावला तर उचलत नाही. नंतर म्हणते, "शुक्रीकडे होते." हादऱ्यांमुळे संध्याकाळी बायका घरात बसतच नाहीत, शुक्रीमावशीच्या ओट्यावर जमतात. बरंच आहे. निदान एकटी नाही.

सोमवार, ३१

शनिवारी घरी राहिले होते. आज वही बघितली. त्या दिवशी आला नाही तो. एकच दिवस चुकला. बरं नसेल का? जेवतो का नीट? वर्ष संपलं आणि मी एका अनोळखी फोनच्या नोंदी घोकत बसले आहे.

गुरुवार, ३ जानेवारी २०१९

ठरवलं. फोटोखाली दोन ओळी लपवून ठेवल्या. कोणी फोटोपाशी पूर्ण एक मिनिट थांबला तरच उजळतील.

'विनोद, माझं चुकलं. घरी ये. — कवी'

चार शब्दांसाठी पंधरा वेळा खोडलं. पावणेदोन वर्षं झाली म्हणायचं राहिलेलं. तोंडाने म्हटलं नसतंच मी, माझ्या तोंडाला ती सवयच नाही. शेठला दिसलं तर? नाही दिसणार. गड्यांच्या फोटोपाशी शेठ मिनिटभर थांबणार नाहीत, याची मला पक्की खात्री आहे.

शुक्रवार, ४

दिसलं त्याला! ओळी उजळल्याची नोंद आहे. त्यानंतर अकरा मिनिटं पान उघडं.

फोन मांडीवर घेऊन बसले. नाही आला.

शनिवार, ५

चौदा मिनिटं.

मंगळवार, ८

वीस! आणि फोन नाही. काय वाचतोस रे वीस मिनिटं, चार शब्द? एवढी अढी? ये नाहीतर शिव्या तरी दे. आज धनेशभाईंवर ओरडले, मग चहा नेऊन दिला. ते म्हणाले, "बेन, रजा लई लो."

रविवार, २० जानेवारी

परत मोठा हादरा. तलासरीकडे लोक शेतात तंबू ठोकून राहतात म्हणे, थंडीत, लहान पोरं घेऊन. घरी जाऊन आयला म्हटलं डहाणूला चल. "नाय," म्हणाली. "मना हितं काम आहे." वाडी तर चार दिवस बंद आहे. कसलं काम!

शुक्रवार, १ फेब्रुवारी

दिवसभर जमीन हलते आहे. टेबलावरचा पेला सरकत कडेला आला, मी बघत बसले, पकडलाही नाही. आणि संध्याकाळी पावणेआठला नोंद — तोच फोन, तळ, सोळा मिनिटं. असल्या दिवशीसुद्धा! इथली जमीन हलली म्हणून तो तिथे थांबला, असंच मी समजते. जीव आहे त्याचा आमच्यावर. मग येत का नाही?

उद्या घरी जाते. आयला सगळं सांगणार. फार झालं एकटीने वाहणं.

शनिवार, २ फेब्रुवारी

सांगायला तोंड उघडलं, तर आयच माझा हात धरून शुक्रीमावशीच्या ओट्यावर घेऊन गेली. रुचिका आत भात बघत होती. आयने तिचा फोन उचलला, भेगाळलेल्या अंगठ्याने बटण दाबलं. झाडं गेली, खोल्या गेल्या, दर गेले. विनोद आला. "थांब," आय म्हणाली. "लगेच नाय येत. थांबाया लागते."

माझ्या हातातला फोन वाजला. गुजरातमध्ये आपले स्वागत आहे.

ओळी उजळल्या. "बघ. रोज लिहितो तो. रुचिकाला वाचाया नाय दिलं, घरची गोष्ट. तू आली तवा गर्दीत कशी दाखवू, म्हणून राहिले. आता वाच." मी वाचू शकले नाही. तिने माझ्याकडे बघितलं, मग परत फोटोकडे. "ऱ्हाऊ दे. तुना लिहिता येते ना? त्याला लिही — आय रोज येते."