विमानाच्या माळावरचं होकायंत्र

पेठ वडगाव,
सोमवार, १३ फेब्रुवारी १९७८

तीर्थरूप आप्पासो मामांच्या पायांवर भाचा जिनपाल याचा जयजिनेंद्र, आणि तो या वेळी नेहमीपेक्षा जरा जास्तच वाकून.

राजमती मामींचा गुडघा आता कसा आहे? तुमचा खोकला कमी झाला का? गडहिंग्लजला अजून थंडी असेल, तर पहाटे मोकळ्या डोक्यानं फिरायला जाऊ नका असं आईनं लिहायला सांगितलंय. आम्ही सगळे मजेत आहोत. आणि तुमचं होकायंत्रही सुखरूप आहे, हे आधीच सांगून टाकतो. काच फुटलेली नाही, चोरीला गेलेलं नाही, काटा अजून उत्तरच दाखवतो. (ते आहे कुठं, हे ओघानं येईलच. मोजणी कायम खुणेच्या दगडापासून सुरू करावी असं तुम्हीच शिकवलंय, म्हणून मीही मुळापासून सुरू करतो.)

कोल्हापूरच्या एका भटक्या मंडळानं शनिवार-रविवार दिशाशोधाची स्पर्धा ठेवली होती. हातात नकाशा नि होकायंत्र घ्यायचं, रानात दडवलेले नऊ लाल-पांढरे झेंडे हुडकायचे, प्रत्येक ठिकाणचा शिक्का कार्डावर मारायचा आणि कोडोलीच्या शाळेत परत यायचं. वाट कुणाला विचारायची नाही. माझा जोडीदार अमीन. (स्टँडाजवळचा शिंपी. तुमच्या कोटाची डावी बाही आखूड शिवणारा तोच, पण रागावू नका, माणूस सोन्यासारखा आहे.) वाट विचारायची नाही हा नियम ज्यानं केला तो आपल्या भागातला नसणार. आम्ही विचारतच नव्हतो हो, पण दर बांधावर कुणीतरी उभं राहून पावणं कुठलं, कुणाकडं निघालाय, असं खडसावून विचारायचं आणि हात धरून भलत्याच वाटेला लावायचं. एका गुऱ्हाळावर तर काकवी प्यायल्याशिवाय सोडलंच नाही. दुपारपर्यंत झेंडे सापडले तीन, आणि पोटात काकवी पाच पेले.

चौथ्या झेंड्यासाठी एका उसाच्या बांधावर मी नकाशा पसरला, त्यावर होकायंत्र ठेवलं आणि तुमच्यासारखा एक डोळा मिटून बघायला लागलो. इथंच घात झाला. आपल्या मुलखात शेतात पितळी यंत्र घेऊन एक डोळा मिटणारा माणूस मोजणी खात्याचाच असतो. उसातून एक गडी कोयत्यासकट बाहेर आला. जोतीराम त्याचं नाव, विमानाच्या माळाखालच्या वाडीतला. त्याचं नि चुलत्याचं बांधावरून अकरा वर्षं भांडण चाललंय, आणि मोजणीचा अर्ज देऊनही चार वर्षं झालीत. आम्ही खेळायला आलोय असं परोपरीनं सांगितलं, पण मिशा असलेले दोन बाप्ये उन्हातान्हात झेंडे हुडकत खेळतात हे त्याला पटेना. तेवढ्यात चुलताही काठी आपटत आला. मग काय करता? तुमच्या घरात वाढलोय, दोरी धरून दिली बांध मोजून. (बांध जागच्या जागी होता. दोघंही नाराज झाले, म्हणजे मोजणी बरोबर, हे तुमचंच वाक्य.)

या सगळ्यात सहा वाजत आले आणि माझा जीव वर-खाली व्हायला लागला. दिवस मावळला की माझं जेवण बंद, आणि शाळा चार मैलांवर. अमीननं जोतीरामाच्या कानात माझी अडचण घातली. तो भला माणूस आम्हाला ओढतच वाडीत घेऊन गेला. त्याची थोरली बहीण बायडाबाई हिनं कांदा-लसणाला हात न लावता मुगाची आमटी नि भाकरी केली, आणि आम्ही जेवायला बसलो ते माळावरच्या विमानाच्या चौथऱ्यावर, कारण तिथून सूर्य अगदी शेवटपर्यंत दिसतो.

हा चौथरा तुम्ही पाहिला नसेल. त्या माळावर दोन विमानं पडली, एक लढाईच्या काळात, चव्वेचाळीस साली, आणि एक सत्तावन्नला. पहिलं पडलं त्याच साली वाडीनं वर्गणी काढून चौथरा बांधला, पहिल्या विमानाचा वाकडा पंखा मधोमध उभा केला. सत्तावन्नचा वैमानिक बाभळीत अडकून वाचला. तरी त्याचं नाव चौथऱ्यावर आहे. पडला तर होता, मग नाव का नको, असं वाडीचं म्हणणं. तो दर दिवाळीला पेढे पाठवतो. चव्वेचाळीसचा मात्र गेला, आणि त्याचं नाव-गाव शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही.

त्याच्यापाशी पहिल्यांदा पोचली ती बायडाबाई. तेव्हा बारा वर्षांची होती, गवताला गेली होती. त्याला तिनं तिच्या मातीच्या मोगीतलं पाणी पाजलं. त्याच्या मुठीत पितळेचं गोल कायतरी होतं, असं तिनं पंचनाम्यात सांगितलं, आणि ती वस्तू काही सापडली नाही. झालं. पोरीनं सोन्याचं घड्याळ लांबवलं, असं अख्खं गाव बोलायला लागलं. ठरलेली सोयरीक मोडली. तेव्हापासून बाई भावाकडंच राहते, आणि चौतीस वर्षं रोज पहाटे तो चौथरा झाडते. हे जोतीरामानं वाटेत सांगितलं तेव्हा मला फार वाईट वाटलं, पण खरं सांगतो मामा, जेवताना माझं लक्ष फक्त सूर्याकडं होतं. तो टेकला तशी मी चूळ भरली, तेवढ्यात कोडोलीला निघालेली ट्रॉली दिसली, आणि आम्ही पळत सुटलो. होकायंत्र अमीनच्या पिशवीत आहे असं मला वाटलं. ते माझ्या खिशात आहे असं अमीनला वाटलं.

रविवारी सकाळी शाळेच्या पटांगणात हे उघडकीस आलं. स्पर्धा गेली उडत, आम्ही तसेच माळाकडं निघालो. (होकायंत्राशिवाय एकदाही चुकलो नाही, हेही नमूद करतो.) बघतो तर चौथऱ्याभोवती सगळी वाडी गोळा झालेली, नारळ फुटतायत, हलगी वाजतेय. चव्वेचाळीसच्या वैमानिकाचं वर्षश्राद्ध जवळ आलं म्हणून चौथऱ्याच्या डागडुजीला गवंडी आलेलाच होता. त्यानं पंख्याच्या पायाशी सिमेंटमध्ये तुमचं होकायंत्र बसवलं होतं, झाकण उघडं ठेवून, वर फुलं वाहून. पहाटे झाडताना ते बायडाबाईलाच सापडलं होतं, आणि त्या वैमानिकाच्या मुठीतली हरवलेली वस्तू हीच, असं सगळ्यांनी धरलं होतं. त्यानं आणून दिलं, माझ्यासाठी आणून दिलं, एवढंच ती म्हणत होती. ज्या म्हाताऱ्या तिला चोरटी म्हणत होत्या, त्या पदर पुढं घेऊन तिच्या पाया पडत होत्या. मी आयुष्यात इतका आनंदलेला चेहरा बघितला नाही.

जोतीरामाला अर्थातच सगळं ठाऊक होतं. आदल्या दिवशी त्यानं ते यंत्र तासभर पाहिलं होतं. त्यानं आम्हाला गोठ्यामागं नेलं आणि म्हणाला, “पावणं, वस्तू तुमची हाय. सिमेंट आजून वलं हाय. मागितलासा तर आत्ता काडून देतो. न्हाय मागितलासा तर जल्मभर इसरणार न्हाय.”

मी तोंड उघडणार तोच अमीननं सांगून टाकलं, की आमचं न्हवंच ते. (मी काय सांगणार होतो, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तुमचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढं होता.)

तर मामा, तुमचं होकायंत्र असं सुखरूप आहे. मामींना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद. जो राग असेल तो पत्रानं कळवा, समोर येऊन नको.

तुमचा आज्ञाधारक (यापुढं तरी),
जिनपाल

ता. क. झाकणाच्या आत तुम्ही कोरून घेतलेलं ‘ए. बी. चौगुले’ हे नाव वाडीच्या मास्तरांनी मोठ्यानं वाचलं. वैमानिक आपल्याकडचाच निघाला म्हणून वाडीला केवढा अभिमान वाटला! गवंड्यानं तासाभरात ते चौथऱ्यावर कोरलं. अक्षर सुबक आलंय. दरवर्षी त्या तिथीला तुमच्या नावानं जेवण घालणार आहेत, आणि ते सूर्यास्ताआधी, एवढी सोय मी करून घेतली.

दुसरा ता. क. हे चौगुले कुठले, असं बायडाबाईनं विचारलं, आणि माझ्या तोंडून गडहिंग्लज निघून गेलं. ती येत्या गुरुवारी जोतीरामाला घेऊन दुपारच्या एस.टी.नं तुमच्याकडं येतेय. तिला काही नको. तो तहानलेला गेला नाही, माझ्या हातचं पाणी पिऊन गेला, हे त्याच्या घरच्या कुणालातरी सांगायचं तिच्या मनात चौतीस वर्षं आहे. ते कुणीतरी ऐकून घ्यायला हवं. उभ्या नोकरीत तुम्ही एका इंचाची चूक खपवून घेतली नाही हे मला माहीत आहे, पण गुरुवारचा दिवस तुम्ही तुमचेच धाकटे भाऊ व्हा.

आणखी एक. सोप्यात तुमचा तरुणपणीचा फोटो आहे, त्याला त्या दिवसापुरता हार घाला. मामींना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.