स्वयंपाकघराच्या दाराची पेटी

चि. धाकटीस थोरलीचे पोटभर आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? माझा बरा आहे, पण डोकं तापलंय, म्हणून लिहायला बसले. (अक्षराला हसू नकोस. तुला सांभाळायलाच माझी शाळा सुटली.)

आधी गोड बातमी. माझ्या गोधड्या परदेशी निघाल्या. तिकडच्या एका दुकानवालीने सुनेच्या फोनवर फोटो बघून सगळ्याच्या सगळ्या मागवल्या, आणि याच बोटीने आल्या नाहीत तर नकोत, असंही कळवलं. मला वाटलं, शिवल्या, विकल्या, सुटले. कसलं काय. माल बोटीने पाठवून देणारा एक एजंट आहे, सुनेपेक्षाही लहान. त्याच्या गोदामात गेलो तर म्हणतो, आजी, बोटीत जागा मी बघतो, पण बांधाबांध तुमची, आत काय आहे ते खरं लिहून देणं तुमचं, आणि बोटीवर चढेपर्यंत माल भिजला-फाटला तर तेही तुमचंच. मग हा मेला करतो काय?

बरं, जावयांनी आपल्या दोघींच्या आईच्या स्वयंपाकघराचं जुनं दार मोडून त्याची पेटी ठोकून दिली. इतकी देखणी, की कडीसुद्धा तशीच ठेवली, तिकडे उघडायला बरी. एजंटाने कडी वाजवून बघितली आणि पेटी परत केली. का, तर लाकूड भट्टीत तापवल्याचा शिक्का नाही, कीड असेल, तिकडचे लोक बंदरातूनच माघारी धाडतील. धाकटे, अंगाची लाही झाली. ज्या दाराने जन्मभर चुलीचा धूर खाल्ला, त्यात कीड? शिक्का नाही म्हणतोस, मग हे काळं काय दिसतंय, असं मी विचारलं. तो म्हणाला, "आजी, ती काजळी."

शेवटी पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरायचं ठरलं. तर मेल्याने एकेक गोधडी उलगडली आणि मधून चिंध्यांची बाहुली बाहेर काढली. (दुकानवालीला लहान मुलगी आहे. नुसतं कसं पाठवायचं?) ती मी लिहून दिली नव्हती. न सांगितलेली एवढीशी वस्तू सापडली तर सगळा माल अडकतो म्हणे. मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही, पत्र पोस्टात टाकायला सून नेते आणि वाटेत वाचते. तो ऐकता ऐकता 'बाहुली, एक' असं लिहीत होता.

काल बोट सुटली. खोकी चढेपर्यंत हा बंदरावर उभा होता, आणि मग मला फोन. इतका चिकट माणूस मी जन्मात पाहिला नाही.

तुझी अजून रागातच असलेली,
ताई

ता. क. हा एजंट बिनलग्नाचा आहे. मी मुद्दाम विचारून घेतलं, तुझ्या नातीसाठी.

आणखी एक. तिची माहिती कळव, पण खरी. तापट आहे, उशिरा उठते, सगळं लिही. लपवलेलं तो उलगडून काढतोच. तिनेही त्याला नीट उलगडून बघावं. पेटी माझ्याकडेच पडून आहे, तिच्या कपड्यांना होईल. इथल्या इथेच जायची आहे, शिक्का लागत नाही.