रविवारी फाटकापाशी

दि. ४ जानेवारी

चि. घड्याळजी यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र यायला दीड महिना लागला. जगाची घड्याळं दुरुस्त करणारा माणूस स्वतः कायम उशिरा कसा, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही. अक्षर वेडंवाकडं आलंय, सांभाळून घे. सकाळची गोळी घेतली की हात जरा ताळ्यावर असतो, तेवढ्यात लिहून घेते.

बातमी मोठी आहे. आमच्या त्या मनोरुग्णांच्या इस्पितळात तेव्हा ज्यांच्यावर नव्या औषधांचे प्रयोग केले, त्यांना भरपाई देण्यासाठी समिती नेमली आहे. एक वकीलबाई घरी येऊन गेल्या. पोरगी कामाची आहे. चपला काढायच्या आधी तिने कागद काढले. अडचण एकच, इस्पितळाचं दप्तर तळघरात भिजून गेलं. त्या वेळचं लिहिलेलं काहीतरी हवं आहे. बाबांच्या पेटीत बघशील का?

मला पैशाचं अप्रूप नाही. टायपिंगच्या वर्गात मी पहिली होते. मग हात गेले, आणि आयुष्यातली तीन वर्षंच पुसली गेली. आई गेली तीही त्यातच. लोक म्हणतात, वेडाने झालं. औषधाने झालं, एवढं कुणीतरी शिक्का मारून लिहून द्यावं.

लोभ आहेच, तो कधी वेळेवर पत्र लिहूनही दाखव.

तुझी ताई

दि. १५ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पेटी पाहिली. बाबांच्या जुन्या पावत्या आणि कसर लागलेला कोट, याशिवाय तिच्यात काही नाही. मी प्रतिज्ञापत्र लिहून देतो, म्हणशील तिथे सही करतो. पण ताई, एवढ्या वर्षांनी हे सगळं उकरून तुला त्रासच होईल असं वाटतं. तब्येतीला जप. दुकान ठीक चाललं आहे.

लोभ आहे तसाच राहू द्यावा.

तुझा धाकटा भाऊ

दि. २२ जानेवारी

चि. घड्याळजी यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रात एकही खाडाखोड नाही. म्हणजे तू आधी कच्चं लिहून मग पक्कं केलंस. शाळा बुडवल्यावर बाबांच्या नावाची चिठ्ठी तू अशीच लिहायचास.

प्रतिज्ञापत्र चालणार नाही. नातेवाइकांच्या आठवणी समिती धरत नाही म्हणे, त्या वेळचा कागदच लागतो. मुदत महिनाअखेर संपते. भिजलेल्या दप्तरातून एक यादी तेवढी वाचली. तिच्यात नावं नाहीत, नुसते आकडे आहेत. त्यातला माझा आकडा कोणता, हेही मला सांगता येत नाही.

त्रास होईल म्हणतोस. अरे, चमचा तोंडापर्यंत नेताना अर्धा सांडतो. याहून आणखी काय व्हायचं राहिलंय?

तुझ्याकडे काही असेल तर पाठव. नसेल तर नाही म्हणून लिही, पण या खेपेला एकदाच लिही.

तुझी ताई

दि. २५ जानेवारी

ती. ताई, नमस्कार कोणत्या तोंडाने लिहू?

आहे. सोबत पाठवतो आहे. एकेचाळीस वर्षं दुकानातल्या लंबकाच्या घड्याळामागे ठेवलं होतं. तूच इस्पितळातून मला लिहिलेलं पत्र आहे ते. रोज सकाळी पांढरं औषध देतात, नाव विचारलं तर सांगत नाहीत, मला इथे सतरा म्हणतात, हात कापतात, टाइपरायटरवर कुठलं अक्षर कुठे असतं ते आठवेनासं झालंय, असं सगळं तारखेनिशी आहे. शेवटी लिहिलंयस की बाबांना सांगू नकोस, रविवारी अकराला फाटकापाशी उभी राहते, मला न्यायला ये.

मी आलो होतो, ताई. त्या दिवशी उशीरही झाला नव्हता. समोरच्या सायकलच्या दुकानाआड उभा होतो. मध्येच घरी नेलं तर मुलगी कायमची हातची जाईल, असं डॉक्टरांनी बाबांना बजावलं होतं. मला ते खरं वाटलं, आणि बाबांची भीतीही वाटली. तू पिशवी धरून तासभर उभी होतीस. मग एक परिचारिका तुला आत घेऊन गेली. त्यानंतर अडीच वर्षं ते औषध चालू राहिलं.

पत्र दिलं तर तुला हे कळेल, म्हणून पेटीचं खोटं लिहिलं. आता तू बोलणं टाकलंस तरी माझी तक्रार नाही. लोभ असावा म्हणण्याचा मला हक्क उरलेला नाही.

तुझाच

दि. ९ फेब्रुवारी

चि. घड्याळजी यास अनेक आशीर्वाद. लिहिलेत, आणि खोडलेले नाहीत.

अर्ज मुदतीत गेला आणि दाखल झाला. यादीतली सतरा मीच, हे समितीने मानलं आहे.

पत्र मी चार वेळा वाचलं. अक्षर काय सुंदर होतं रे माझं! पण मला फाटक आठवत नाही, पिशवी आठवत नाही, वाट बघितलेली आठवत नाही. तुझ्यावर चांगलं रागवावं म्हणून बसले, तर राग धरायला हाताशी काहीच लागेना. तेही त्या औषधाने नेलं. माफ करावं म्हटलं, तर उभी होती ती मुलगी, मी नव्हे. तिच्या वतीने मी कसं करू? रडू मात्र खूप आलं. तिच्यासाठी आलं, आणि दुकानाआड उभ्या असलेल्या त्या पोरासाठीही आलं.

समितीने मला समक्ष बोलावलं आहे. तेवीस तारखेला, दुपारी. वकीलबाई गाडी पाठवते म्हणाल्या, मी नको म्हटलं. मी अकरा वाजता खाली फाटकापाशी उभी राहीन, पिशवी घेऊन.

मला न्यायला ये.

तुझी ताई