भोंग्या, रविवारी जपून

प्रिय भोंग्या,

टीव्हीवाल्यांनी तुला कितीही झुळझुळीत नाव देऊ दे. जन्मल्या दिवशी तू जो गळा काढलास, त्यावरून मी ठेवलेलं नावच खरं. मी सांगतेय आणि खालच्या मजल्यावरची शिवणवाली लिहून घेतेय. तिच्या मशीनचा पट्टा तुटलाय, म्हणून ती तावडीत सापडली. माझ्या बोलण्यात तिनं पदरची साखर घालायची नाही, असं आधीच ठरलंय.

गाण्याची स्पर्धा संपेपर्यंत तुम्हाला त्या हॉटेलात कोंडलंय, ना पेपर ना टीव्ही. तेव्हा आधी जगाची खबर घे. एका कॉलेजनं कुत्र्याला पदवी दिली. मालकिणीबरोबर चार वर्षं वर्गात बसला म्हणे. झोपला असेल, पण हजेरी पूर्ण. तूही तेवढीच वर्षं झोपलास, तुला कुणी दिली नाही. एका चौकात पुढाऱ्याचा पुतळा बसवला. पडदा ओढला तर चेहरा भलत्याचाच, तरी टाळ्या थांबल्या नाहीत. ती मोठ्या डोळ्यांची नटी आणि तिचा नवरा वेगळे झाले. दोघं सांगतात, आमचा एकमेकांबद्दलचा आदर वाढलाय. इतका वाढला की एका घरात मावेना! आणि सकाळच्या बातम्या सांगणारी बाई आता बाई नाही, यंत्र आहे. पापणी लवत नाही. भूकंप आणि भेंडीचे भाव एकाच चेहऱ्यानं सांगते. आधीचीही काही फार वेगळी नव्हती म्हणा.

शिवाय एक माणूस मेला. म्हणजे कागदावर. अकरा वर्षं कचेरीत जाऊन सांगतोय, साहेब, मी जिवंत आहे. साहेब म्हणतात, तसा दाखला आणा. मी पोट धरून हसले. मग हसू ओसरलं. त्याला निदान परक्या कारकुनानं मारलं होतं.

तुझा तो भाग आम्ही दोघींनी मिळून बघितला. आदल्या आठवड्यात तू शेवटून दुसरा होतास. त्या एका पोराचे वडील आंधळे, त्या मुलीचं घर जळालेलं. तुझ्यापाशी काय, तर सगळे दात शाबूत असलेली म्हातारी. तिला कोण मतं देणार? गाणं संपलं, सूत्रधारानं खांद्यावर हात ठेवून विचारलं, हा सूर कुणी दिला? तू खाली बघितलंस आणि म्हणालास, आजीनं, पण ती आता नाही. दिवे मंद झाले. मागून व्हायोलिन. चष्मेवाल्या परीक्षकानं चष्मा काढला. मग तू माझे शेवटचे शब्द सांगितलेस, 'गात राहा.' अरे मेल्या, उभ्या जन्मात मी तुला 'गात राहा' म्हटलं नाही. 'गप बस' म्हटलंय, दिवसातून वीसदा. शिवणवालीनं टीव्ही बंद केला. मी म्हटलं, लाव गं, मला माझं मरण पुरतं बघू दे.

दुसऱ्या दिवशी दूधवाला दारात मान खाली घालून उभा. विचारतो, आजी, तुमच्याकडे दुसरी कुठली आजी होती का? मी म्हटलं, होती, फार गुणाची होती, अर्धा लिटर जास्त घाल. चार दिवसांनी तुझा फोन आला. अर्धा मिनिट. म्हणालास, तसं बोलायला त्यांच्यातल्याच एकानं सुचवलं, वरच्यांना खरं कळलं तर मला बाहेर काढतील, अंतिम फेरीपर्यंत कुणाशी बोलू नकोस. तब्येत कशी आहे, ते विचारलं नाहीस. बरोबरच आहे, मेलेल्या माणसाची तब्येत काय विचारायची!

तुझी आई गेली तेव्हा तू तीन वर्षांचा होतास. दवाखान्याच्या धुलाईखान्यात मी चादरींना इस्त्री करायचे आणि तुला गरम चादरींच्या ढिगावर बसवायचे. कपडे धुण्याचं मोठं पिंप घुमायला लागलं की तू त्याच्या सुरात सूर लावायचास. मुकादम ओरडायचा, बाई, हे यंत्र बंद करा. मी म्हणायचे, त्याचं बटण मलाही सापडलेलं नाही. हे सांगितलं असतंस तर लोक हसले असते, पण हसणाऱ्या लोकांचं बोट मताच्या बटणाकडे जात नाही, एवढं मलाही कळतं.

मंगळवारी ते लोक घरी आले. कानाला यंत्र लावलेली एक मुलगी आणि दोन कॅमेरेवाले. दिवंगत आजींची खोली चित्रित करायची होती. खोली त्यांना पुरेशी गरीब वाटेना. फ्रिज जिन्यात काढला, पडदे उतरवले. भिंतीवर माझा फोटो लावला. माझा म्हणजे कॉम्प्युटरनं बनवलेला, कारण घरात एकही फोटो नाही असं तू सांगितलंस म्हणे. कपाटात तुझ्यामाझ्या फोटोंचा आख्खा डबा आहे, बाळा. ती भिंतीवरची म्हातारी गोरीपान, नाक चाफेकळी, डोळ्यांत सदा पाणी. तिच्यापुढे फुलं ठेवली. मग त्या मुलीनं मला विचारलं, तुम्ही कोण?

तुझं सगळं त्या एका उत्तरावर टांगलेलं होतं. मी म्हटलं, मी इथे धुणंभांडी करते.

मुलगी हरखली. मला खुर्चीवर बसवलं, तोंडावर दिवा सोडला. कशा होत्या आजी? म्हटलं, तोंडाची फटकळ, पण पोराला कधी उपाशी ठेवलं नाही. शेवटी नातवाची आठवण काढली का? आता खोटं किती बोलायचं? म्हटलं, आठवण काय काढायची, वाटच बघत होती. एवढं बोलले आणि नाक सुरसुरलं. मुलगी म्हणाली, मावशी, फारच छान, पण मधे गाडीचा आवाज आला. परत एकदा बोला आणि या वेळी डोळे पुसू नका. परत बोलले. भोंग्या, मी माझ्यासाठी दोनदा रडले, दुसऱ्यांदा त्यांच्या सांगण्यावरून.

आता हे पत्र कशासाठी, ते ऐक. मी बोलले ते रविवारी अंतिम फेरीत तुझ्यासमोर मोठ्या पडद्यावर दाखवणार आहेत. तुला आधी कळू द्यायचं नाही असं बजावून गेलेत, कारण तुझा चेहरा कसा होतो ते त्यांना टिपायचंय. म्हणून तुला हॉटेलवर पाठवायच्या इस्त्रीच्या शर्टांच्या पिशवीत, निळ्या शर्टाच्या घडीत हा कागद ठेवतेय. पडदा उजळेल, हातभर मोठं माझं तोंड दिसेल, आणि तुझी जीभ सवयीनं 'आजी' म्हणायला जाईल. तेवढं एक निघालं की सगळं गेलं. मी खोटी, तू खोटा, तुझं गाणंही खोटं. तेव्हा हाक मारायचीच असेल तर 'मावशी' अशी मार. म्हणावं, या आमच्याकडे कामाला होत्या. एकदम जमणार नाही. हॉटेलच्या खोलीत आरसा असेल, त्याच्यासमोर उभा राहून रोज थोडं म्हणून बघ. जड जाईल. जड गेलं तर मला बरं वाटेल, पण ते कळवू नकोस.

तुझीच,
मावशी