देण्याघेण्याच्या साड्यांचं तेल

३ फेब्रुवारी
साखर कारखान्यातली केमिस्टची नोकरी सोडली. आजपासून स्वतःची कंपनी! टाकाऊ पॉलिस्टर ऑक्टेनॉल नावाच्या रसायनात उकळायचं, त्याचं तेल होतं. ते घातलं की कडक प्लॅस्टिक मऊ. सांगलीचे पाइपवाले लालासाहेब सॅम्पल बघायला तयार. आमच्या कुंडल गावाचं नाव गाजणार. बायको, संयोगिता, म्हणाली, कारखाना सोडू नगा, आवं.

७ फेब्रुवारी
भंगारवाला पाण्याच्या रिकाम्या बाटल्या (त्याही पॉलिस्टरच्याच) देईना. अडलंय कुणाचं! संयोगिताच्या ट्रंकेत देण्याघेण्याच्या साड्या आहेत. ह्या कुणी नेसत नाही. ह्या लग्नात आल्या, त्या लग्नात गेल्या. शंभर टक्के पॉलिस्टर. मेव्हण्याच्या, वीरधवलच्या लग्नात आहेराला ठेवल्यात म्हणे. नव्या घेऊ की, कंपनीच्या नफ्यातून.

९ फेब्रुवारी, दुपार
रिॲक्टर (घरातला मोठा कुकर) सुरू. सगळ्या साड्या विरघळल्या, एक सोडून. केस जळल्यासारखा वास. रेशीम! कापड ओळखायला आधी धागा जाळून बघायचा असतो, पण अनुभवी नजरेला कशाला? संयोगितानं काठ ओळखला. तिच्या आईची. आई गेल्यावर तेवढी एकच मागून आणली होती. काठाचा तुकडा धुऊन, घडी घालून ठेवला. समजूतदार बाई. मला मात्र जेवण गेलं नाही.

१६ फेब्रुवारी
तेल काळंभोर. असू दे, पाइप काळेच असतात. संयोगिता माहेरी, रहिमतपूरला, वीरधवलच्या लग्नाला गेली. मोकळ्या हातानं भावाच्या दारात कशी जाऊ, म्हणाली. म्हटलं, माणूस महत्त्वाचा. मी गेलो नाही. काम.

२ मार्च
संयोगिता अजून तिकडेच. पूजा, गोंधळ, पाव्हणेरावळे. लग्नघर म्हटलं की लांबतंच. फोन उचलत नाही. गडबडीत असणार.

१९ मार्च
सांगलीला जाऊन आलो. माझं तेल घालून पाइप काढला. लालासाहेबांनी वाकवला, कडकन मोडला. म्हणाले, गड्या, ह्यो पाइप हाय का कुरडई? लय हसले. येताना एसटीत रडू आलं. असो. ठरलं. कारखान्यात परत जायचं, पाय धरावे लागले तरी. संयोगिता आली की पहिलं तिलाच सांगणार.

२० मार्च
शेजारच्या रंगुबाईंना विचारलं, रहिमतपूरची पूजा कधी उरकणार, काही कळलं का? बघतच राहिल्या. म्हणाल्या, कसली पूजा? नवी नवरी म्हायेराला जाऊन परत बी आली. आन् संयोगिता तितं बालवाडीत शिकवाय लागली न्हवं का?
म्हटलं, व्हय व्हय, माहीत हाय की मला.