अमेरिकेच्या रेडिओवर आमचा कुकर

मंगळवार, संध्याकाळ. टॅम्पिनीस, सिंगापूर.

शुद्धलेखन चुकणार, सॉरी. मराठी टाइप करायला मला खूप वेळ लागतो.

आज मी अमेरिकेतल्या रेडिओला फोन लावला. खरंच! तिकडचा रात्रीचा कार्यक्रम इथे दुपारी लागतो, घरात मी एकटी असते तेव्हा. आधी जुनी नाटकं असतात, करवंट्या आपटून घोड्यांच्या टापा काढलेली. मग एक म्हातारे निवेदक लोकांचे फोन घेतात. शाळा सोडल्यापासून रोज ऐकते. त्यांना एवढंच सांगायचं होतं, की मी ऐकते.

त्यांच्या माणसाने थांबायला सांगितलं. मी फोन ओट्यावर ठेवला आणि लॅपटॉपवर कार्यक्रम ऐकत बसले, माझा नंबर कधी येतो म्हणून. एकदाचं आलं, "हॅलो, सिंगापूर?" फोन उचलला तर कट झालेला. लॅपटॉपवर सगळं अर्धा मिनिट उशिरा येतं, हे कसं सुचलं नाही मला? लॅपटॉपमधून ते अजून हॅलो हॅलो करत होते. मग लॅपटॉपमधूनच आमच्या कुकरची शिट्टी, ओट्यावरच्या फोनमधून तिकडे गेलेली. अख्ख्या अमेरिकेत! "तिकडे जेवण होतंय वाटतं," म्हणून ते हसले.

आईने आल्यावर विचारलं, "आज तरी कोणाशी बोललीस का गं?"

"अमेरिकेशी."

"अगंबाई! काय म्हणाली अमेरिका?"

शिट्टी ऐकून हसले, म्हणजे रागावले नसतील ना? उद्या परत लावू? उद्या फोन कानाला धरूनच बसेन. कुकर नाही लावणार.

बाबा आत्ता आले. त्यांचा इथे काम करायचा पास रिन्यू झाला नाही. महिनाअखेर आम्ही सगळे पुण्याला परत.